आमचा संगणक कुणाला वर्दी देतो?

एका गावाचं नाव आम्ही या लेखात लिहिणार नाही. तालुकाही नाही. मराठवाडा एवढंच पुरे. का लिहिणार नाही, तोच या लेखाचा विषय आहे.

त्या गावात १४ एप्रिलच्या मिरवणुकीवरून वाद झाला, मग मारहाण, मग वस्तीवर बहिष्कार. किराणा बंद, गिरणी बंद, शेतातलं काम बंद. आपल्या वाचकांना यातलं काहीच नवीन नाही, म्हणून तपशिलात जात नाही. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, पण साक्षीदार सगळे वस्तीतले. बाहेरचं कुणी बोलायला तयार नाही. याचा पुढे कोर्टात काय अर्थ होतो, हे ज्याने दोन-चार प्रकरणं हाताळली आहेत त्याला सांगायला नको. "सगळे एकाच जातीचे, ठरवून बोलतात" हा बचाव पक्षाचा पाठ केलेला संवाद आहे.

मग एक मावशी बोलली. वस्तीतली नव्हे, दुसऱ्या समाजाची. रोजंदारीवर खुरपायला जाणारी. मारहाण झाली तेव्हा ती बांधावर होती आणि कुणाच्या हातात काय होतं हे तिने पाहिलं होतं. आम्ही तिच्याकडे तीनदा गेलो. दोनदा तिने चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "लिहून घे. पण माझं नाव कुठं निघू देऊ नको लेकरा. मला ह्याच गावात ऱ्हायचंय. माझं पोरगं ह्यांच्याच ट्रॅक्टरवर हाय."

आम्ही शब्द दिला. मावशी, तुम्ही, आम्ही आणि वकीलसाहेब. चौथ्या माणसाला कळणार नाही. पुढे वेळ आली आणि तुम्ही हो म्हणालात, तरच तुमचं नाव पोलिसांपुढे जाईल.

त्या रात्री घरी येऊन तिचं सांगणं लॅपटॉपवर उतरवलं. जुना लॅपटॉप, एका कार्यालयाने भंगारात काढलेला, त्यावर फुकट मिळणारी एक लिनक्स प्रणाली. लिहिता लिहिता सॉफ्टवेअर दोनदा बंद पडलं. आम्ही दोनदा शिवी घातली, दोनदा पुन्हा उघडलं, हरवलेला परिच्छेद परत आला, काम संपवून झोपलो. यात सांगण्यासारखं काय होतं? आमच्या मते काहीच नव्हतं.

चार दिवसांनी विहारातल्या अभ्यासिकेत वाढलेला एक मुलगा सुट्टीवर आला. पुण्याला आयटीत आहे. गावी आला की विहारातले, आमचे, सगळ्यांचे संगणक झाडून-पुसून देतो. आमची डिस्क भरली होती, ती मोकळी करायला बसला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "दादा, हे बघा."

सिस्टीमच्या पोटात एक फोल्डर होता आणि त्यात दोन भल्या मोठ्या फायली. "तुमचा प्रोग्राम मेला की त्याचा पंचनामा होतो," तो म्हणाला. "हे ते पंचनामे." त्याने एक उघडून दाखवली. वरच्या ओळी वाचता येत होत्या. तारीख, वेळ, प्रोग्रामचं नाव, आवृत्ती. आणि मग एक ओळ, ज्यात प्रोग्राम सुरू करताना दिलेला आदेश जसाच्या तसा होता. त्या आदेशात आम्ही उघडलेल्या फाईलचा पूर्ण पत्ता. रोमन अक्षरांत. वर्ष, गावाचं नाव, मावशीचं आडनाव आणि शेवटी 'जबाब'.

आम्ही फायलींना अशीच नावं देतो. दहा वर्षांत शेकडो प्रकरणं साठतात, वकिलाचा फोन आला की दोन मिनिटांत कागद सापडला पाहिजे. आमच्या या शिस्तीचं आम्हाला कौतुक होतं.

त्या ओळींच्या खाली निरर्थक अक्षरांचा ढीग होता. तो म्हणाला ही मेमरी, म्हणजे प्रोग्राम मेला त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही होतं त्याची नक्कल. त्याने ती उलगडली, शोध घेतला, आणि मावशीचं वाक्य पडद्यावर आलं. ट्रॅक्टरचं वाक्य. आम्ही जसं लिहिलं होतं तसं.

शेजारी त्याच नावाची आणखी एक इवलीशी फाईल होती. अहवाल पाठवला गेल्याची खूण.

"म्हणजे हे सगळं गेलं?"

"अहवाल गेला. मेमरी गेली का ते सांगता येत नाही दादा. समोरचा सर्व्हर मागेल तरच ती जाते. तोच बिघाड त्यांच्याकडे आधी नोंदलेला असेल तर मागत नाही."

"आम्ही कधी हो म्हणालो?"

तो काही बोलला नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा असा बिघाड झाला तेव्हा एक चौकट आली असणार, त्यात 'यापुढे आपोआप पाठवा' असा चौकोन असणार, आणि घाईत असलेल्या आम्ही ती चौकट डोळ्यांसमोरून घालवण्यासाठी जे बटण दिसलं ते दाबलं असणार. तेव्हापासून चौकट आली नाही. आम्हाला वाटलं संगणक सुधारला.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरात 'माहितीपूर्ण संमती' या टिपेवर आम्ही पाचपैकी चार गुण मिळवले होते. ते आठवलं आणि हसू आलं, चांगलं नव्हे.

आता हा सगळा प्रकार काय आहे, हे नीट समजून घेऊ. आपल्यातल्या बहुतेकांना तो माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते आयटीच्या भाषेत बोलतात.

संगणकावरचा कोणताही प्रोग्राम काम करताना कामाची सगळी सामग्री मेमरीत धरून ठेवतो. तुम्ही लिहिलेला मजकूर, नुकताच कॉपी केलेला आधार क्रमांक, कधी पासवर्डसुद्धा. प्रोग्राम कोसळला की तो का कोसळला हे शोधायला त्याच्या निर्मात्यांना त्या क्षणाचं चित्र हवं असतं. म्हणून क्रॅश रिपोर्टर नावाचा दुसरा छोटा प्रोग्राम बाजूला दबा धरून बसलेला असतो. तो चित्र काढतो आणि कंपनीकडे धाडतो. कंपनीला तुमचं पत्र वाचायचं नसतं, हे खरं आहे. तिला बिघाड कोणत्या ओळीत झाला ते हवं असतं. पण मेमरीची नक्कल काढणाऱ्याला पत्र कुठलं आणि बिघाड कुठला हे वेगळं करता येत नाही. घर पडलं म्हणून पंचनाम्याला आलेला माणूस भिंतीचा फोटो काढतो, त्यात खुंटीवरचं लुगडंही येतं.

हे आमचं म्हणणं आहे असं समजू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या माहितीपत्रात स्वतः सांगते की विंडोजचा ऐच्छिक निदान-डेटा चालू असेल तर बिघाडाच्या वेळची मेमरी पाठवली जाऊ शकते आणि त्यात तुम्ही वापरत असलेल्या फाईलचे काही भाग अनवधानाने जाऊ शकतात. लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. फक्त कुणी वाचत नाही.

आणि गेलेलं चित्र कुठे कुठे फिरतं? डिसेंबर २०१३ मध्ये 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक बातमी दिली. विंडोजचे हे बिघाड-अहवाल इंटरनेटवरून जात असताना ही संस्था ते वाटेत टिपत होती आणि कोणाचा संगणक कुठे कच्चा आहे हे त्यातून समजून घेत होती. त्यांच्याच एका सादरीकरणात त्या ओळखीच्या चौकटीचा मजकूर बदलून, ही माहिती परकी हेरयंत्रणा टिपू शकते, अशा अर्थाचा विनोद केलेला होता. आपण ज्या चौकटीवर न वाचता बोट ठेवतो, तिच्यावर ते हसत होते. त्याच सुमारास वेबसेन्स या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की त्या अहवालांचा पहिला टप्पा कुलूप न लावता, उघडा जात होता.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २०२३ मध्ये चिनी हॅकरांनी मायक्रोसॉफ्टची एक डिजिटल किल्ली मिळवून अमेरिकी सरकारी खात्यांचे ईमेल वाचले. किल्ली गेली कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की एप्रिल २०२१ मधल्या एका बिघाडाच्या मेमरी-नकलेत ती चुकून राहिली आणि तिथून बाहेर पडली असावी. मार्च २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्ती केली की ती किल्ली असलेली नक्कल आपल्याला सापडलेलीच नाही. म्हणजे ती त्याच वाटेने गेली असं ठामपणे म्हणता येत नाही. आमचा मुद्दा एवढाच की जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला स्वतःच्या बिघाड-नकलेत काय होतं आणि काय नव्हतं हे सांगताना असं मागे-पुढे व्हावं लागलं. मग आमच्या भंगारातल्या लॅपटॉपची काय कथा.

यावर आमच्याच बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "अहो, मोर्चाचं बघा. हे क्रॅश-ब्रॅश काय घेऊन बसलात? फोन तर चोवीस तास खिशात आहे, तो काय कमी ऐकतो?" बैठकीत हशा झाला. आम्हीही हसलो. पण उत्तर तिथेच द्यायला हवं होतं, ते इथे देतो.

फोन ऐकतो म्हणून संगणकालाही बोलू द्यायचं, हे तर्कशास्त्र कसलं? एक भोक आहे म्हणून दुसरं बुजवायचं नाही का? आणि 'आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे' हे वाक्य ज्याच्या कपाटात फक्त स्वतःची गुपितं आहेत त्यानेच बोलावं. आमच्या कपाटात आमचं काही नाही. तिथे बलात्कारपीडितेचं नाव आहे, जे उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. आंतरजातीय लग्न करून पळालेल्या जोडप्याचा पत्ता आहे. शिष्यवृत्तीसाठी पोरांनी दिलेले जातीचे दाखले आणि बँकेची पासबुकं आहेत. आणि ही मावशी आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं, २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालं. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं, साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला मिळाला. हे कलम राबवलं जात नाही म्हणून आपण निवेदनं देतो, धरणं धरतो. आणि आपलाच लॅपटॉप?

आता जे सांगणार आहोत त्यावर काही मित्र नाराज होतील, कारण ते सगळ्या गोष्टींत वतन आणतात असा आरोप आमच्यावर आधीपासून आहे. तरी सांगतो.

आमच्या आज्याकडे येसकरीची पाळी असायची. गावकामगार महाराची कामं कोणती? चावडीवर हजर राहायचं, पाहुण्या अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचं, सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचवायचं, कुणाच्या घरी मयत झाली की सोयऱ्यांच्या गावांना निरोप घेऊन धावायचं, आणि गावात कोण आलं, कोण गेलं, काय घडलं याची पाटलाला वर्दी द्यायची. रात्री-बेरात्री. मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि शिळ्या भाकरी. या वर्दीचं वैशिष्ट्य असं की ती देणाऱ्याला तिचं पुढे काय होतं हे विचारायची मुभा नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच जोखडाविरुद्ध. ते विधेयक पार पडलं नाही. कनिष्ठ ग्रामवतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं.

त्याच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे दिली. तिथे त्यांनी आपल्या समाजाची माहिती सरकारला दिलीच ना? दिली. पण ती साक्ष होती, वर्दी नव्हती. कुणापुढे बोलतो, कशासाठी बोलतो, काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं हे बोलणाऱ्याने स्वतः ठरवलेलं. आमची सगळी चळवळ या फरकावर उभी आहे असं आम्हाला वाटतं. मावशीने आम्हाला दिली ती साक्ष. आमच्या लॅपटॉपने पुढे पाठवली ती वर्दी.

उपमा सगळीकडे लागू पडत नाही, हेही मान्य करतो. आज्याने वर्दी नाकारली असती तर पाठीवर वळ उठले असते. आम्हाला फक्त एक बटण सरकवायचं होतं आणि तीन वर्षं सरकवलं नाही. आज्याची गुलामी लादलेली होती. आमची आळसाची.

त्या आयटीतल्या मुलाने मात्र आमच्याशी दोन रात्री वाद घातला, आणि त्याचं म्हणणं साधं नाही. तो म्हणाला, "दादा, ही प्रणाली फुकट मिळते कारण जगभरातले लोक तिच्यासाठी फुकट राबतात. बिघाड कळवणं ही वापरणाऱ्याची बाजू आहे. तुम्ही सगळं बंद केलं, मी बंद केलं, तर मराठी टंकलेखनात येणारा बिघाड दुरुस्त कोण करणार? इंग्रजी वापरणाऱ्यांचेच अहवाल जातील, त्यांचेच बिघाड सुटतील. मोजणीतून आपण स्वतःच बाहेर पडायचं?"

मोजणीतून बाहेर पडायचं? जातिनिहाय जनगणनेसाठी भांडणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे वर्मावर बोट आहे. आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. विचार करून जे सुचलं ते असं. मोजणीला विरोध नाही. न विचारता, काय मोजलं ते न दाखवता होणाऱ्या मोजणीला विरोध आहे. काही प्रणालींत 'कधीच नाही' आणि 'आपोआप' यांच्या मधोमध 'दर वेळी विचारा' असा तिसरा पर्याय असतो. ज्याच्या संगणकावर फक्त गाणी आणि अभ्यासाच्या नोट्स आहेत त्याने तो निवडावा, अहवाल उघडून पाहावा आणि खुशाल पाठवावा. मराठीत लिहिताना बिघाड येत असेल तर कोऱ्या फाईलमध्ये चार निरुपद्रवी ओळी लिहून तो पुन्हा घडवावा आणि त्याचा अहवाल हाताने द्यावा. त्या मुलाने आमच्या बाबतीत तेच केलं. पण ज्याच्याकडे दुसऱ्यांचे जबाब आहेत त्याला 'आपोआप' ठेवण्याचा अधिकारच नाही. ती संमती द्यायला तो मालक नाही.

आता बंद कसं करायचं ते सांगतो. आमच्या बहुतेक कार्यालयांत विंडोज असते, आणि ती कुठून आलेली असते यावर न बोललेलं बरं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये जा, तिथे 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक'. 'सेंड ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा' समोरचं बटण बंद करा. त्याच पानावर आतापर्यंतचा डेटा पुसायचं बटणही आहे, तेही दाबा. एवढ्याने सगळं थांबत नाही, 'आवश्यक' म्हणून काही माहिती जातच राहते. पुढे जायचं असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज एरर रिपोर्टिंग सर्व्हिस' शोधून ती 'डिसेबल्ड' करा. मॅकवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्येच खाली 'ॲनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स' आहे, तिथलं वाटप बंद करा.

उबुंटूमध्ये सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी' त 'डायग्नोस्टिक्स' असतं, तिथे अहवाल पाठवण्यासमोर 'नेव्हर' निवडा. यात एक गोम आहे. 'नेव्हर' ने पाठवणं थांबतं, पंचनामा होणं थांबत नाही. तो करणाऱ्या प्रोग्रामचं नाव ॲपोर्ट. त्याची एक छोटी फाईल सिस्टीमच्या 'इटीसी' फोल्डरात, त्यातल्या 'डिफॉल्ट' मध्ये असते. त्यात 'इनेबल्ड' पुढचा १ खोडून ० करायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. प्रशासकाचा पासवर्ड लागतो. जमत नसेल तर कुणा जाणकाराला शेजारी बसवा, पण पासवर्ड स्वतः टाका. ब्राऊजरचं वेगळं असतं हेही विसरू नका. फायरफॉक्स कोसळला की येणाऱ्या चौकटीत तुम्ही कोणत्या पानावर होतात तो पत्ता जोडायचा का, असा चौकोन असतो.

एक गोष्ट मात्र उलट बाजूची सांगायची आहे, आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कंपनीला वर्दी जाणं बंद करा, पण घाबरून आपल्याच संगणकावरच्या सगळ्या खुणा पुसत सुटू नका. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या नकलेचा अभ्यास करून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की ज्या पत्रांवरून एवढं रान उठवलं गेलं ती नेटवायर नावाच्या घुसखोर प्रोग्रामद्वारे बाहेरून त्यांच्या डिस्कवर ठेवली गेली होती. नंतर नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तसाच अहवाल आला. तपास यंत्रणेने हे मान्य केलेलं नाही. पण हे निष्कर्ष निघाले कशावरून? डिस्कवर उरलेल्या खुणांवरूनच. संगणक जसा आपल्याविरुद्ध साक्षीदार होऊ शकतो तसा आपल्या बाजूनेही होऊ शकतो. म्हणून नोंदी घरात राहू द्या, डिस्कला कुलूप घाला, चावी आपल्याकडे ठेवा. पुसायचं असेल तर बिघाडाच्या नकलेपुरतं, आणि तेही काय पुसलं हे माहीत असताना.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलं आहे की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि नि:संदिग्ध असली पाहिजे. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही केंद्राने स्वतःसाठी ठेवली आहे. त्यावर स्वतंत्र लिहू. पण हे वाचताना आमच्या मनात सारखा एकच प्रश्न येत होता. कंपनीने आमची संमती नीट घेतली नाही, ही तक्रार खरी. आम्ही मावशीची कुठे घेतली होती? चौथ्या माणसाला कळणार नाही असं सांगितलं, तेव्हा संगणक नावाचा चौथा आमच्याच मांडीवर बसलेला होता.

वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, प्रत्यक्षात काही होण्याची शक्यता फार थोडी आहे, परदेशातला कोणी इंजिनिअर गावच्या पाटलाला फोन करणार नाही, तिला सांगून घाबरवू नका. एका अर्थी बरोबर होतं. ती घाबरली आणि मागे हटली तर प्रकरण ढासळणार होतं, वस्तीतल्या सतरा घरांचा प्रश्न होता. आठ दिवस आम्ही गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो, कारण शब्द वकिलांनी दिला नव्हता.

ती कापसात खुरपत होती. बांधावर बसून सांगायचा प्रयत्न केला. सर्व्हर, मेमरी, अहवाल, यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. शेवटी म्हणालो, मावशी, तुमचं बोलणं आम्ही ज्या पेटीत ठेवलं होतं त्या पेटीला मागून एक फट होती. आम्हाला माहीत नव्हती. त्या फटीतून तुमचं आडनाव बाहेर गेलं. लांब, परदेशात. इथल्या कुणाला कळलेलं नाही आणि बहुतेक कळणारही नाही. पण आम्ही म्हणालो होतो कुठंच जाणार नाही, आणि ते खोटं ठरलं.

ती खुरपं हातात धरून बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली.

"मंग आता बुजवली का फट?"

"बुजवली."

"कशानं?"

"एक बटण होतं. ते बंद केलं."

"बटणच व्हतं तर आधी का न्हाई केलं?"

आम्ही काही बोललो नाही. ती पुन्हा सरीत उतरली. चार पावलं गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "तारखेचं मी मागून सांगते. पोराला इचारते."

अजून तिचा निरोप आलेला नाही. तिच्या फाईलचं नाव आता एक आकडा आहे. तो आकडा कुणाचा, हे एका वहीत हाताने लिहिलेलं आहे, आणि ती वही संगणकाच्या खोलीत ठेवलेली नाही.